खोटी कॉइल

शुक्रवार, रात्री साडेदहा. सकाळपासून पावसाची झड.

आज दिवसभर दुकानात एकाच कॉइलवर बसून होतो, आणि ती कुठल्या मोटरची नव्हती. पावसाळ्यात धंदा तसाही थंडच. उसाला पाणी पाजायचं नाही, मग पंप जळणार कसे? जळालेल्या मोटरींची तार नव्यानं गुंडाळायची हा आमचा धंदा, आणि जुलैत कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या सगळ्या रिवाइंडिंगवाल्यांची हीच रड. पंचगंगा फुगली तर काम येतं, २०१९ सारखं, पण तसल्या कामाची वाट बघू नये माणसानं.

कॉइल भाचीसाठी. पोरगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आणि तिच्या प्रोजेक्टचा विषय असा: अंड्यात वाढणाऱ्या माशावर चुंबकीय क्षेत्र सोडलं तर त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर काय फरक पडतो. फरक पडतो असं सांगणारे काही पेपर, म्हणजे शोधनिबंध, आधीच छापून आलेत. गेल्या आठवड्यात आली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही मला दोन गोल कड्या गुंडाळून द्या, बाकीचं मी बघतो." मला वाटलं, तासाभराचं काम.

मासा म्हणजे झेब्रा डॅनिओ, ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो तो निळ्या पट्ट्यांचा. मूळचा आपल्याच देशातला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेतल्या माशांच्या पुस्तकात याची नोंद केली. पुढं अमेरिकेत ओरेगॉनच्या विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी याला प्रयोगशाळेत बसवला आणि आता जगभर यावरच काम चालतं. कारण साधं आहे. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं आणि आरपार दिसणारं. चिरफाड न करता आतलं हृदय बघता येतं.

तिनं घरीच एका टाकीत माशांची जोडी ठेवलीय. तळाला गोट्या पसरल्यात, कारण हे मासे स्वतःचीच अंडी खातात. गोट्यांच्या फटीत पडली तर वाचतात. सकाळी दिवा लागला की अंडी घालतात. परवा तिनं मायक्रोस्कोपखाली दाखवलं. एका दिवसाच्या जिवात एक बारीक नळी आकसत होती, मध्येच थबकत होती, पुन्हा आकसत होती. माणसाच्या गर्भात इथवर यायला तीन आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी त्याच नळीचे दोन कप्पे झालेले, एक रक्त घेणारा, एक ढकलणारा, आणि लय चांगली बसलेली. लाल पेशी एकामागून एक सरकताना दिसतात. मी बराच वेळ डोळा लावून होतो. शेवटी ती म्हणाली, "मामा, दिव्यानं पाणी तापतंय, सरा आता."

तिचं हे तापणं मी तेव्हा कानाआड केलं. आज दिवसभर त्याच्याशीच झुंजलो.

कड्यांचं गणित सोपं. बोअरच्या केसिंगचा २०० मिलिमीटरचा पाइप होता, त्याचे दोन काप घेतले. त्रिज्या १० सेंटीमीटर, म्हणून दोन्ही कड्यांमधलं अंतरही १० सेंटीमीटरच. तसं ठेवलं तर मधल्या जागेत क्षेत्र सगळीकडं जवळपास सारखं मिळतं. प्रत्येक कडीवर १०० वेढे आणि एक अँपिअर करंट दिला तर मध्ये ९०० मायक्रोटेस्लाच्या आसपास (चुंबकीय क्षेत्र याच मापात मोजतात). अंदाज यावा म्हणून सांगतो, कोल्हापुरात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला, आणि आपल्या लाइनच्या ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं घेणाऱ्या करंटच्या क्षेत्राला, सामान्य माणसासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे २००.

पण तार म्हटली की ती तापणार. माझ्या हिशोबानं दोन्ही कड्या मिळून पाच-साडेपाच वॅट. मोटरवाल्याला ही उष्णता म्हणजे काहीच नाही. पण बंद पेटीत अंड्यांच्या डिशशेजारी तेवढीच पुष्कळ होते. मासा थंड रक्ताचा, पाणी कोमट झालं की ठोके वाढणार, गार झालं की उतरणार. म्हणजे करंट चालू केला, ठोके बदलले, आणि पोरगी लिहून मोकळी की चुंबकानं बदलले! हे मी बोललो तर ती हसली. "म्हणून तर खोटी कॉइल पाहिजे मला."

खोटी कॉइल म्हणजे तेवढीच तापणारी, तेवढाच करंट घेणारी, पण क्षेत्र न देणारी. मला वाटलं वेगळी बनवायला लागणार. तसं नाही. तीच कॉइल दोन तारा जोडीनं घेऊन गुंडाळायची, १०० ऐवजी ५० वेढे. दोन्हींतून करंट एकाच दिशेनं सोडला तर १०० वेढ्यांचं क्षेत्र मिळतं. एका तारेची टोकं उलटी केली की दोघींची क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात. तार तीच, करंट तोच, उष्णताही तीच. मध्ये एक चेंजओव्हर स्विच बसवला की झालं.

जाड तारेऐवजी दोन बारीक तारा जोडीनं घालणं आम्ही रोजच करतो, पण त्यांना एकमेकींविरुद्ध लावायचं कधी कुणाच्या डोक्यात येईल? मोटरमध्ये असं झालं तर गिऱ्हाईक दुकानात येऊन शिव्या घालतं. २२ गेजची इनॅमल तार दोन रिळांवरून एकदम घेतली, एकीच्या टोकांना लाल स्लीव्ह घातली आणि पन्नास वेढे बोटानं दाबत दाबत बसवले. मग वार्निश. ते नुसतं इन्सुलेशनसाठी नाही. वेढे सैल राहिले तर ५० हर्ट्झवर कॉइल गुणगुणते आणि डिश थरथरते. मग ठोके चुंबकानं बदलले की हादऱ्यानं, हा आणखी एक घोळ.

क्षेत्र मोजायला मीटर नव्हता. त्यावर जुना उपाय केला: दोन सेंटीमीटर व्यासाची २०० वेढ्यांची छोटी कॉइल करून मध्ये धरली आणि मल्टीमीटर लावला. एक अँपिअरला साडेसतरा मिलिव्होल्ट. हिशोबाला बरोबर. स्विच उलटा केला, आकडा शून्याला टेकला. करंट मात्र एक अँपिअरच. हात लावला तर कॉइल तशीच कोमट. खरं सांगतो, तीस वर्षं वाइंडिंग करतोय, पण काहीच न करणारी वस्तू इतकी नीट बनवून एवढा आनंद कधी झाला नव्हता.

संध्याकाळी चहाला ती आली तेव्हा मी जरा ऐटीतच होतो. म्हटलं, "बघ, तुमच्या त्या पेपरवाल्यांच्या कॉइली तापल्या असणार, दुसरं काय." माझा हिशोब तयार होता. ५० हर्ट्झचं ८०० मायक्रोटेस्ला क्षेत्र एक मिलिमीटरच्या अंड्यात जे व्होल्टेज तयार करतं ते एका मायक्रोव्होल्टच्या दहाव्या भागाहूनही कमी. पेशीच्या पडद्यावर मुळात सत्तर-ऐंशी मिलिव्होल्ट असतात. म्हणजे दहा लाखांत एक. त्यानं हृदय हलणार?

ती बिस्कीट बुडवत म्हणाली, "मामा, २०१४ च्या चिनी पेपरात ५० हर्ट्झवर १०० ते ८०० मायक्रोटेस्ला दिलं होतं. सुरुवातीच्या काळात ठोके कमी झाले, अंड्यातून बाहेर यायला उशीर झाला. कॉइल तापली असती तर ठोके वाढले असते ना? आणि पिल्लं लवकर बाहेर आली असती." वर आणखी सांगितलं की २००० साली नॉर्वेच्या संशोधकांनाही एक मिलिटेस्लाला, म्हणजे हजार मायक्रोटेस्लाला, अंडी उशिरा फुटलेली दिसली होती. मरण्याचं प्रमाण चिनी प्रयोगात वाढलं नव्हतं, हेही तिनंच सांगितलं. आपल्या बाजूचं तेवढंच बोलायची सवय तिला नाही. आता उष्णतेनं नाही, एवढ्याशा व्होल्टेजनं नाही, तर मग कशानं? पेशीतल्या कॅल्शियमच्या ये-जा करण्यावर काही परिणाम होतो का, असा एक तर्क आहे म्हणे. सिद्ध काही झालेलं नाही. माझ्याकडं उत्तर नव्हतं, चहा मात्र गार झाला.

आता हे गावाकडं सांगितलं की लोक लगेच विजेच्या टॉवरचा विषय काढणार. उसाच्या फडातून हाय टेन्शन लाइन गेलीय, तिच्याखाली ट्यूबलाइट नुसती हातात धरली तरी उजळते, मग माणसाचं काय होत असेल, हा प्रश्न मला वर्षातून दहा जण विचारतात. ट्यूब पेटते ती विद्युत क्षेत्रानं, चुंबकीय नव्हे. आणि त्या तारांखाली चुंबकीय क्षेत्र सहसा वीस मायक्रोटेस्लाच्या आतच असतं. शिवाय एक मिलिमीटरचं अंडं कुठं आणि तालमीत घाम गाळणारा गडी कुठं. पण चावडीवर असल्या फरकाला कोण विचारतो?

स्विचच्या दोन बाजूंना मी नुसतं 'क' आणि 'ख' लिहिलंय. कुठली खरी, कुठली खोटी, ते तिला सांगायचं नाही, असं तिनंच बजावलंय. मोजणाऱ्याला माहीत असलं की ठोके हवे तसे मोजले जातात, म्हणे. मोबाइलवर व्हिडिओ काढून, हळू चालवून मोजणार आहे. उत्तराची चिठ्ठी पाकिटात घालून तिच्या सरांकडं देईन.

सोमवारी पहिली अंडी पेटीत जाणार. पाणी साडेअठ्ठावीस अंशांवर ठेवायचंय आणि या पावसात दुकानातलं पाणी तेवीसच्या वर जात नाही, म्हणजे हीटर आलाच. उद्या आधी थर्मामीटर बदलून आणायला हवा. हा अर्धा अंश जास्त दाखवतो, आणि अर्ध्या अंशात या माशाचे ठोके दोन-चारनं इकडचे तिकडं होतात.