तुम्ही विचारलंत म्हणून : काकू, हॅरॉल्ड आणि मी

आधी सोपा प्रश्न उरकते.

‘एकोणऐंशी वर्षांची म्हातारी आणि विशीतला पोरगा, शी! हा तुझा आवडता सिनेमा?’ हो. ‘हॅरॉल्ड अँड मॉड’, 1971, दिग्दर्शक हॅल ॲशबी. साठीचा नायक आणि पंचविशीची नायिका आपण आयुष्यभर शेंगदाणे खात पाहिली, तेव्हा ही शी कुठे होती, हे मी विचारत नाही. (विचारलंच की.) तसंही सिनेमातच एक पाद्री, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक लष्करातला काका ओळीनं येऊन हेच बोलून जातात, म्हणजे तुमची सोय ॲशबीनं आधीच करून ठेवलीय.

खरा प्रश्न दुसरा आहे. तो विचारताना लोक आवाज उतरवतात. बहीण विचारते, मंडळातले दोघंतिघं विचारतात, एकदा मुलीनंही विचारलं. ‘त्या शनिवारनंतरही?’

आमच्या चित्रपट मंडळाचा पसारा केवढा, तर वाचनालयाच्या माडीवरचा हॉल, भाड्याचा प्रोजेक्टर, पस्तीस-चाळीस खुर्च्या आणि दर महिन्याचा दुसरा शनिवार. सिनेमे निवडायचं काम माझ्याकडे. परभाषेतला असला की मराठीत एक पानभर गोष्ट लिहून झेरॉक्स वाटायची, तेही माझ्याकडे. काकू आमच्या गल्लीतल्या. तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली बसायच्या. त्यांचा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेला. गल्लीत ‘अपघात’ म्हणायचं असं ठरलं होतं आणि सगळे तसंच म्हणायचे. मीही म्हणायचे. म्हणजे मला माहीत होतं. ‘विसरलीस का गं तू?’ असं विचारून बहीण मला एक पळवाट काढून देते, तिचा चांगुलपणा. मी विसरले नव्हते.

सिनेमा पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी दोन ओळी. हॅरॉल्ड हा गडगंज घरातला पोरगा आईसमोर मरणाची नाटकं करतो. मॉडशी त्याची गाठ पडते ती अनोळखी माणसांच्या अंत्यविधीत, कारण दोघांनाही तिथं जाऊन बसायचा छंद. पहिल्याच प्रसंगात तो जीव देतो. ते नाटक आहे हे आपल्याला माहीत नसतं. आई खोलीत येते, बघते, आणि शांतपणे फोन लावून आपली कसलीशी अपॉइंटमेंट रद्द करते. इथं प्रेक्षक आधी गार पडतो आणि मग हसतो. सिनेमाची सगळी किल्ली या हसण्यात आहे, असं मी तेव्हा मानत होते. म्हणून त्या पानभर गोष्टीत मी पहिला प्रसंग लिहिलाच नाही. का? रसभंग होऊ नये म्हणून! हा शब्द मी त्या आठवड्यात मंडळात दोनदा तरी वापरला असेल. काकूंना म्हटलं, ‘या नक्की, विनोदी आहे, गाणी छान आहेत.’

आणि मनात होतं की हा सिनेमा त्यांना बरं करेल. हे मी आजवर बहिणीलाही सांगितलेलं नाही.

दिवे गेले. पहिला प्रसंग सुरू झाला. आई फोनवर बोलायला लागली तसे मागच्या रांगेतले कॉलेजचे पोरगे हसले. मी प्रोजेक्टरपाशी उभी होते, तिथून काकूंचा फक्त अंबाडा दिसत होता. तो हलला नाही. त्या उठून गेल्या असत्या तर मी मागे गेले असते, जिन्यात पाय धरले असते. पण त्या उठल्या नाहीत. पूर्ण दीड तास बसल्या. मॉड झाड चोरते, पोलिसाची मोटारसायकल पळवते, तेव्हा सगळा हॉल हसला. त्यांचं मला कळलं नाही.

दिवे लागल्यावर मी चर्चेला उभीच राहिले नाही, दुसऱ्याला पुढे केलं. काकूंनी शाल घडी करून पिशवीत ठेवली. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘मला इंग्रजी नीट लागलं नाही गं. तो मुलगा त्या बाईला काहीतरी सांगताना रडतो ना, ते काय सांगत होता?’

मी सांगितलं. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याच्या हातून स्फोट होतो. तो मागच्या मागे घरी येतो. तेवढ्यात पोलीस दारात येऊन आईला सांगतात की तुमचा मुलगा गेला. तो हे वरून लपून बघतो. आई कपाळाला हात लावते आणि पोलिसांच्या हातांत कोसळते. तेव्हापासून त्याला मेलेलं असणं आवडायला लागतं.

‘मग हे तो आईला सांगतो का पुढे?’

‘नाही काकू. आईला नाही सांगत.’

‘हं,’ म्हणाल्या. जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश उतरून गेल्या. त्यानंतर मंडळात आल्या नाहीत. रस्त्यात भेटतात, नीट बोलतात, गॅसचा सिलिंडर आला का विचारतात.

आता तुम्ही म्हणाल, खोटं बोलायचं होतंस. ‘सांगतो की शेवटी’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. पण सुचलं नाही. कलाकृतीशी इमान वगैरे म्हणायला मी तयार होते, पुढे दोनतीनदा म्हणालेही. खरं कारण इतकंच की मला प्रश्नाचं उत्तर येत होतं आणि मी ते दिलं, परीक्षेत देतात तसं.

कुणी फार टोचलं की मी वकिली सुरू करते. हा सिनेमा आला तेव्हा अमेरिकेत साफ आपटला होता. पुढे मिनेसोटातल्या एका थिएटरात दोन वर्षांहून जास्त चालला. 1997 साली त्यांनी जपून ठेवायच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत घेतला. पटकथा कॉलिन हिगिन्सनं फिल्मच्या अभ्यासक्रमात असताना लिहिलेली. मॉड झालेली रूथ गॉर्डन पंच्याहत्तरीत इतकं अवखळ काम करते आणि वर कॅट स्टीव्हन्सची गाणी. सगळं खरं आहे. यातलं काहीही तिसऱ्या रांगेतल्या त्या खुर्चीला लागू होत नाही, हेही खरं.

मग आवडतं काय? सीगल उडताहेत, दोघं शेजारी बसलेत, मॉड बोलतेय, आणि हॅरॉल्डला तिच्या हातावर गोंदलेला आकडा दिसतो. छळछावणीतला. जेमतेम सेकंदभर. कुणी त्यावर एक शब्द बोलत नाही. पहिल्या दोन खेपांना मला तो दिसलाच नव्हता. जगण्यावरचं तिचं ते नाचरं प्रेम कुठून आलंय याचं एवढं एकच उत्तर आणि तेही न उच्चारलेलं. दुसरा प्रसंग डेझीच्या फुलांचा. हॅरॉल्ड म्हणतो, मला यातलं एक व्हायला आवडेल, सगळी सारखीच तर आहेत. मॉड म्हणते, सारखी कुठायत, नीट बघ. आणि कॅमेरा मागे मागे जातो तो सैनिकांच्या दफनभूमीत, जिथं पांढऱ्या सारख्या दगडांच्या रांगा संपतच नाहीत. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं तेव्हा. असा विनोद मला दुसरीकडे सापडलेला नाही.

पण शेवट. मॉड ठरवून जीव देते, खरोखरचा. माझ्या जुन्या वहीत शेवटाबद्दल लिहिलंय, ‘ऐंशीव्या वाढदिवशी मॉड स्वतःच्या अटींवर निघते. हे स्वातंत्र्य.’ खाली दोन रेघा. ती वही लिहिणारी बाई मला समोर हवी होती. तिला विचारलं असतं, त्या इस्पितळाच्या बाकावर रात्रभर कोण बसलंय? हॅरॉल्ड. म्हणजे जी थट्टा तो आईला आयुष्यभर दाखवत आला, ती या वेळी खरी होऊन त्याच्याच वाट्याला येते. आईच्या जागी तोच बसलाय. आणि मॉड, जिच्यावर मी इतकं प्रेम करते, तिनं त्याला विचारलं होतं का? वहीवाली बाई म्हणेल, अगं तेच तर ॲशबीला दाखवायचंय. असेल. मला तसं वाटतही, कधी कधी. पण मग त्यानं आईला एवढं बाहुलीसारखं का केलं? सैनिकाच्या थडग्यालाही बघणारा हा सिनेमा, ती बाई कोसळली तेव्हा तिला खरंच काय झालं, हे बघत नाही. ते नाटक होतं असं हॅरॉल्डचं म्हणणं आणि आपण ते मान्य करून टाकतो. हॉलमध्ये मान्य न करणारं एकच माणूस होतं.

कॉलेजचे ते पोरगे आता मंडळ चालवतात. पुन्हा लावू म्हणतात, पहिल्या प्रसंगाची सूचना आधी देऊन. त्यांचं बरोबर आहे. सूचना मराठीत लिहून द्या म्हणाले. दोन वेळा बसले, नाही झाली.

परवा दुपारी घरी पुन्हा लावला. ठरवलं की या खेपेला फक्त आईकडे बघायचं. हॅरॉल्डचं लग्न जुळवायला ती संस्थेचा छापील फॉर्म भरत बसते, त्याला एकेक प्रश्न विचारते आणि उत्तरं स्वतःच देत सुटते. ती काय बोलते त्याकडे लक्ष देऊन बघितलं. हसू आलं. मोठ्यानं हसले.

इस्पितळाच्या आधी बंद केला. आतून मुलगी म्हणाली, ‘आई, पुन्हा तोच?’

‘हो,’ म्हटलं, ‘तोच.’