नैनितालच्या वेशीवर

मे महिन्यात, तेही शनिवारी, स्वतःची गाडी घेऊन नैनितालला निघायचा बेत असेल तर आधी हे वाचा. तळं, नावा, मॉल रोड याबद्दल सगळेच भरभरून सांगतात. गाव हाकेच्या अंतरावर आलेलं असताना रस्त्याच्या कडेला तिष्ठत बसावं लागतं, हे मात्र कोणी सांगत नाही. आम्हाला परत येऊन बरेच दिवस झाले, पण त्या हॉटेलचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं.

पुण्याहून दिल्ली, आणि पुढे नोएडाच्या भाच्याची गाडी. मुरादाबाद, टांडा, बाजपूर, कालाढुंगी असा रस्ता धरला. पहाटे निघाल्यामुळे काही त्रास झाला नाही. कालाढुंगीत जिम कॉर्बेटचं हिवाळ्यातलं घर आहे, त्याचं आता संग्रहालय केलंय. भाचा म्हणाला, "मामा, येताना बघू." येताना अर्थातच राहिलं. पुढे घाट सुरू होतो, एका वळणावर खाली खुर्पाताल दिसतं, आणि आता पोचलोच असं वाटत असताना गावाच्या वेशीवरच्या नारायण नगरला बॅरिकेड.

पुढे पंधरावीस गाड्या. एक हवालदार प्रत्येक खिडकीशी वाकून तोच प्रश्न विचारत होता.

"होटल में पार्किंग है?"

"है," भाचा म्हणाला.

"लिखा हुआ दिखाओ."

मी मोबाईलवर बुकिंग उघडून दाखवलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, 'फ्री पार्किंग', शेजारी गाडीचं छोटं चित्रसुद्धा. हवालदारानं नीट वाचलं आणि म्हणाला, "ये तो सबका लिखा रहता है, बाबूजी. होटल से गाड़ी नंबर के साथ लिखवा लो, छोड़ देंगे." बोलणं सभ्य होतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

हॉटेलला फोन लावला. मॅनेजर अतिशय गोड आवाजात म्हणाला, "सर, पार्किंग तो है, पर हमारी नहीं है." म्हणजे काय, तर गावातलं पैसे भरून वापरायचं सार्वजनिक पार्किंग. ते सकाळीच भरलेलं. मग फ्री काय होतं, विचारलं, तर म्हणे जागा असते तेव्हा त्याचे पैसे आम्ही बिलातून वळते करतो. बरं, मग निदान गाडीचा नंबर लिहून व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवा. त्याला मालकाला विचारावं लागणार होतं. मालक हल्द्वानीला. मालक फोन उचलेना. मी दर दहा मिनिटांनी फोन करायचो, तो दर वेळी "बस, हो रहा है सर" म्हणायचा. काय होत होतं ते त्यालाच ठाऊक.

दरम्यान ऊन चढलं. हिमालयात थंडी म्हणून आईला घरूनच स्वेटर चढवलेला, तो काढला. मागच्या गाडीतले एक गृहस्थ कुठल्याशा साहेबांना फोन लावून तो हवालदाराच्या कानाला लावू पाहत होते. हवालदार फोन हातातही घेईना. तेवढ्यापुरतं मला फार बरं वाटलं. एक पोरगा टोपलीत काफळ विकत होता, कागदाच्या पुडीत लालबुंद फळं आणि वर भुरभुरलेलं मीठ. आईनं दोन खाल्ली आणि निकाल दिला, "बी मोठी, गर नावाला." तरी पुडी तिनंच संपवली.

गाड्या अडवण्यामागचं कारण खोटं नाही, हे चिडलेला असतानाही कळत होतं. गाव म्हणजे तळ्याभोवतीचा एक खोलगट वाडगा, कडेचे डोंगर ठिसूळ. १८ सप्टेंबर १८८० ला इथे दरड कोसळून १५१ माणसं गेली, जुनं नैनादेवीचं मंदिरही गेलं. मल्लीतालला, म्हणजे तळ्याच्या वरच्या टोकाला, फ्लॅट्स म्हणतात ते मैदान त्याच ढिगाऱ्यानं वाढलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लोअर मॉल रोडचा एक तुकडा तळ्यात गेला. एवढ्या जागेत आणखी गाड्या कोंबायच्या कुठे? माझं म्हणणं इतकंच की हे पोलिसाला ठाऊक, पोराला ठाऊक, हॉटेलवाल्याला तर नक्कीच ठाऊक. मग बुकिंगवर ते गाडीचं चित्र कशाला?

शेवटी मालक सापडला आणि त्याचा निरोप आला, "गाडी वहीं छोड़ दीजिए." एवढ्यासाठी हल्द्वानीचा मालक लागला! मग बॉनेटवर सामान उलगडून दोन बॅगांची एक केली, चकल्यांचा डबा आईनं मांडीवर घेतला, गाडी तिथल्याच तात्पुरत्या पार्किंगमध्ये लावली आणि शटलच्या रांगेत उभे राहिलो. शटल म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. तिची पायरी उंच, आणि आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. भाच्यानं खालून आणि मी वरून हात दिला, चढली. इतका वेळ तोंडातून शब्द न काढणारी माझी बायको गाडी सुटल्यावर म्हणाली, "रेल्वेनं काठगोदामला आलो असतो." मी खिडकीबाहेर बघितलं.

पण तिचं बरोबर आहे. दिल्लीहून काठगोदामला सकाळची शताब्दी आहे, रात्रीची गाडीही आहे. स्टेशनबाहेर टॅक्सी आणि बस मिळते, ३५ किलोमीटरचा घाट चढला की तल्लीताल, म्हणजे तळ्याचं खालचं टोक. गाडीनंच यायचं असेल तर हॉटेलकडून तुमच्या गाडीचा नंबर घालून पार्किंगचं लेखी घ्या, आणि ते घरून निघण्याआधी घ्या. हल्द्वानीकडून आलात म्हणून सुटाल असं नाही, त्या बाजूला रूसी बायपासला हेच चालतं. 'लेक व्ह्यू' लिहिलेलं असेल तर रस्त्यापासून किती पायऱ्या चढायच्या तेही विचारा. आम्ही विचारलं नव्हतं, पण सामान उचलायला हमाल मिळाला आणि आईनं दोन ठिकाणी बसून त्या चढल्या.

पुढचे दिवस छान गेले, त्यात सांगण्यासारखी अडचण नाही. तल्लीताल ते मल्लीताल मॉल रोडनं चालत जायचं, तळं सतत डाव्या हाताला. सीझनमध्ये संध्याकाळी मॉल रोडवर गाड्या बंद असतात, तेव्हा आईसुद्धा हात न धरता चालली. नावेत बसण्याआधी दराची पाटी वाचा आणि अर्धी फेरी की पूर्ण ते आधी ठरवा. स्नो व्ह्यूच्या रोपवेचं तिकीट सकाळीच काढा, उशिरा गेलं की रांग बघूनच पाय दुखतात. हॉटेलच्या बघण्याच्या ठिकाणांच्या यादीत टिफिन टॉप टेकडीवरची डोरोथी सीट, म्हणजे बसून दरी बघायची दगडी जागा, अजून होती. ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये दरडीत कोसळली. यादी त्या पार्किंगवाल्यानंच केली असावी.

कैंचीधामला, म्हणजे नीम करोली बाबांच्या आश्रमात, जायचं असेल तर उजाडता निघा. भवालीच्या पुढे नंतर गाड्या हलत नाहीत, आणि १५ जूनला तिथला स्थापना दिवस असतो, त्या सुमारास तर जाऊच नका. आम्ही शेअर टॅक्सीनं गेलो आणि न्याहारीच्या वेळेला परत आलो. आमची गाडी तेवढे दिवस नारायण नगरला धूळ खात उभी. भाच्याला रोज तिची काळजी, म्हणून एकदा तो शटलनं वर जाऊन नुसती बघून आला.

निघायच्या दिवशी बिल केलं. त्यात पार्किंगचे पैसे वळते केलेले नव्हते. नारायण नगरची पावती काउंटरवर ठेवली आणि हललोच नाही. मॅनेजर म्हणाला, मालकाला विचारावं लागेल. म्हटलं, विचारा, आम्ही बसतो. या खेपेला मालकानं पहिल्याच रिंगला फोन उचलला आणि पैसे मिळाले.