तुम्ही विचारलंत म्हणून : नाशिकच्या वाइनला चव मातीची की हवेची?

‘नाशिकला चांगली वाइन होते ती तिथल्या कसदार काळ्या मातीमुळेच ना?’ वायनरी पाहून आलेले लोक हे विचारतात. जमीन घेऊन वाइनची द्राक्षं लावायचा विचार असलेले तर हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

कसदार काळी माती गव्हाला आणि उसाला उत्तम. वाइनच्या द्राक्षाला मात्र ती जड जाते. नाशिकच्या वाइनचा स्वभाव आधी ठरतो छाटणीच्या तारखेवर, मग मातीतून पाणी किती लवकर निघून जातं त्यावर, आणि मातीचा कस त्याच्याही मागे येतो. हा क्रम डोक्यात बसला की बाकीचं समजायला सोपं जातं.

फ्रान्समधलं बोर्दो साधारण ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते, लांबच लांब दिवसांच्या उन्हाळ्यात वाढते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हवा गार होत असताना तिचं फळ पिकतं. नाशिक २० अंशांवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. इथे वेल झोपतच नाही. म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं आणि पीक मात्र एकदाच घ्यायचं असतं. एप्रिलची खरड छाटणी काडी, म्हणजे पुढे घड देणारी फांदी, तयार करण्यासाठी. काडीच्या डोळ्यात घड बसतो तो त्यानंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत, उन्हाळ्याच्या लख्ख प्रकाशात. मग पावसाळाभर ती काडी आणि तिची पानं रोगापासून सांभाळायची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून तो घड बाहेर काढायचा. काढणी जानेवारी ते मार्च.

म्हणजे युरोपात द्राक्ष गारव्याकडे जाताना पिकतं, नाशिकला ते उन्हाळ्याकडे जाताना पिकतं. नाशिकच्या वाइनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

ती महत्त्वाची का, तर आम्लामुळे. मण्यात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे तो मऊ पडून पिकायला लागला, की मणी मॅलिक आम्ल श्वसनात जाळायला लागतो, आणि हवा जितकी गरम तितकं ते भराभर जळतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या रात्री ८ ते १२ अंशांवर असतात, दिवस २८ च्या आसपास. त्या रात्रींत आम्ल टिकतं, आणि लाल जातींच्या सालीत रंगही चांगला भरतो. मार्चच्या मध्यावर दुपार ३५ च्या पुढे गेलेली असते. तेव्हा साखर रोज चढते आणि आम्ल रोज उतरतं. फळ आंबवण्याजोगं गोड होतं, पण चावल्यावर जिभेच्या कडांना जी चुणचुण जाणवायला हवी ती गेलेली असते.

आता तारखांचा हिशोब पाहा. छाटणीनंतर ८ ते १२ दिवसांत डोळे फुटतात. फुलोरा ३५-४० दिवसांनी, मण्यात पाणी उतरतं ७५ ते ९० दिवसांनी. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनच्या जातींची काढणी साधारण १२० दिवसांवर, कॅबर्ने सोव्हिन्यों या लाल जातीची १४०-१५० वर. २० सप्टेंबरला छाटलेली शेनिन १८ जानेवारीच्या सुमारास उतरते. सगळं पिकणं थंडीत झालं. २५ ऑक्टोबरला छाटलेली कॅबर्ने १४५ दिवसांनी, १९ मार्चला उतरते. तिचे शेवटचे तीन आठवडे उन्हाळ्यात गेले. माती तीच आणि पाणी तेच ठेवून फक्त छाटणी महिनाभर पुढे ढकलली, तर त्याच तुकड्यातून निराळी वाइन निघते. बोर्दोच्या शेतकऱ्याला पिकण्याचा ऋतू निसर्गाकडून मिळतो. नाशिकचा शेतकरी तो कात्रीने निवडतो.

मग सगळे सप्टेंबरच्या सुरुवातीलाच का छाटत नाहीत? कारण पाऊस. परतीचा मान्सून ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. कोवळ्या फुटीवर चार दिवस रिपरिप झाली की पानाखाली केवड्याची पांढरी बुरशी दिसते आणि तिथून ती घडावर जाते. फुलोऱ्याच्या आधी किंवा फुलोऱ्यात पाऊस सापडला तर घडाची गळ आणि कूज होते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या पावसाने बागांना या नाजूक अवस्थेतच गाठलं होतं. लवकर छाटणारा चांगल्या आम्लासाठी पावसाचा धोका पत्करतो, उशिरा छाटणारा कोरड्या हवेसाठी आम्ल गमावतो. शहाणे बागायतदार बाग तुकड्यांत वाटून छाटण्या आठ-दहा दिवसांच्या अंतराने घेतात. एक तुकडा पावसात सापडला तरी बाकीचे वाचतात, आणि वायनरीलाही सगळं फळ एकाच आठवड्यात पेलावं लागत नाही.

नाशिकची बलस्थानं यातूनच कळतात. स्पार्कलिंगसाठी, म्हणजे फसफसत्या वाइनसाठी, द्राक्ष १८-१९ ब्रिक्सलाच (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडायचं असतं, आम्ल चढं असताना. त्यामुळे सप्टेंबरची छाटणी आणि जानेवारीची तोडणी त्याला नेमकी जुळते. मोएत हेनेसी कंपनीने शांदों या आपल्या स्पार्कलिंग वाइनसाठी दिंडोरी निवडलं, ते मला अगदी पटतं. शेनिन ब्लां मुळातच आम्ल घट्ट धरून ठेवणारी जात, ती दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातही तगली आहे. शिराझ या लाल जातीला ऊन सोसतं. जी लाल जात उशिरा पिकते आणि जिला शेवटी गारवा लागतो, तिला नाशिकला न्याय देणं कठीण. माझ्या मते इथल्या कॅबर्नेपेक्षा इथली शेनिन जास्त प्रामाणिकपणे नाशिकची आहे.

आता माती. दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजून दोन अगदी वेगळ्या जमिनी झाल्या. नदीकाठच्या सपाटीवर, निफाडकडे, खोल काळी. उतारांवर, दिंडोरीच्या टेकड्यांकडे आणि गंगापूरच्या वरच्या अंगाला, मुरमाड, हलकी, कुठे तांबूस.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की तिला भेगा पडतात. ती पाणी धरून ठेवते, आणि अडचण तिथेच आहे. मण्यात पाणी उतरल्यावर वेलीने शेंडा थांबवून साखर घडाकडे वळवायला हवी. मुळाशी ओल असेल तर ती नवी फूट काढतच राहते. घड सावलीत जातो. सावलीतल्या कॅबर्ने सोव्हिन्योंला कच्च्या ढोबळी मिरचीसारखा वास राहतो. मणी फुगून मोठा होतो. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा बहुतेक सालीतून आणि बियांतून येतो, म्हणून मोठ्या मण्याची वाइन फिकी आणि पातळ लागते. मुरमाड जमिनीत जास्तीचं पाणी निघून जातं आणि वेलीला किती प्यायला द्यायचं ते ठिबकच्या तोटीवर ठरवता येतं. मण्यात पाणी उतरल्यानंतर ठिबकचं पाणी कमी करत नेलं की मणी लहान राहतो. मात्र हाताला आवर हवा. उथळ मुरमात पाणी फार तोडलं तर खालची पानं पिवळी पडून गळतात, घड उघडा पडून भाजतो आणि साखर २० ब्रिक्सलाच अडकते. बोर्दोतही हेच तत्त्व आहे. तिथे मेदोकच्या निचऱ्याच्या खडीवर कॅबर्ने लावतात आणि पोमेरोलच्या चिकणमातीवर लवकर पिकणारी मर्लो.

जमिनीचा दुसरा परिणाम फार थोड्यांना माहीत असतो. काळ्या जमिनीत पालाश (पोटॅश) भरपूर. वेलीने तो जास्त उचलला की मण्यात टार्टारिक आम्लाशी त्याची गाठ पडते, त्याचे खडे होतात आणि रसाचा सामू (pH) वर जातो, म्हणजे आंबटपणा कमी होतो. पांढऱ्या वाइनचा रस ३.२ ते ३.४ सामूचा असावा, लाल ३.६ च्या आत. पालाशवाल्या जमिनीत, उशिरा तोडलेल्या फळात तो ३.८-३.९ ला जातो. असा रस रंगाने मळकट होतो आणि लवकर बिघडतो, कारण वाइन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड चढ्या सामूला दुबळा पडतो. ३.३ ला जे काम लिटरमागे २५ मिलिग्रॅम मुक्त सल्फर करतो, त्याला ३.८ ला तिप्पट लागतो. वायनरी टार्टारिक आम्ल घालून सामू खाली आणते. लिटरला एक ग्रॅम घातलं तर ढोबळमानाने ०.१ उतरतो. चव मात्र बागेत राखलेल्या आम्लासारखी येत नाही.

खाण्याची द्राक्षं पिकवून वाइनच्या द्राक्षाकडे वळलेले बागायतदार इथे हटकून चुकतात. थॉमसन या खाण्याच्या जातीला गोडी आणि वजन यावं म्हणून शेवटी ०:०:५० हे पालाशाचं खत सोडायची त्यांना सवय असते. वाइनच्या बागेत पान-देठ परीक्षण न करता ते सोडणं म्हणजे पैसे खर्चून सामू वाढवणं. एकरी उताऱ्याचंही तसंच. खाण्याच्या द्राक्षाचे दहा-बारा टन काढणाऱ्याला चार-पाच टनांवर थांबायला जड जातं, पण थांबावं लागतं.

खुंट, म्हणजे ज्या मुळावर वाइनच्या जातीचं कलम करतात तो, निवडताना हेच लक्षात ठेवा. डॉगरिज हा खुंट जोमदार आहे, क्षारात तगतो, पण फूट फार काढतो आणि पालाशही भरपूर उचलतो. ११० आर आणि १४० रुजेरी यांच्या वंशात बर्लांडिएरी ही रानद्राक्षाची जात आहे. ते पालाश कमी उचलतात आणि चुनखडी बरी सोसतात. वाइनसाठी मला ११० आर आवडतो.

जमीन घ्यायची असेल तर सातबाऱ्याबरोबर एक खड्डाही पाहा. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. बाजू नीट तासून थर पाहा. फूट-दीड फुटाखाली मुरूम लागला तर उत्तम, तळापर्यंत चिकट काळी लागली तर विचार करा. खड्डा पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. पाणी तसंच साचून असेल तर पावसाळ्यात मुळांचं काय होईल ते कळलंच. प्रत्येक थरातल्या ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. जोरात फसफसलं तर चुनखडी जास्त, आणि मग शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या अशी लोहाची कमतरता येणारच. प्रयोगशाळेला नमुना एकच देऊ नका. एक-एक फुटाच्या तीन थरांचे तीन द्या आणि सामू, क्षारता, चुनखडी, सोडियम मागून घ्या. विहिरीच्या पाण्याची क्षारता तेवढीच महत्त्वाची, कारण छाटणीपासून तोडणीपर्यंत वेल बहुतेक तेच पाणी पिणार आहे.

पावसाचा उतारही विसरू नका. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर ईशान्येला नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि सिन्नरकडे त्याहून कमी. घाटाजवळ हवा गार, पण पावसाळ्यात काडी पिकवणं आणि पानं टिकवणं अवघड. पानं गेली की वेलीचा साठा रिकामा आणि गोडी छाटणीला फूट अशक्त. पूर्वेला रोग कमी, पण पाणी विकत घ्यायची पाळी. निफाडच्या सखल भागात रात्री थंड हवा साचते, म्हणून हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा नीचांक वर्तमानपत्रात येतो. मणी वाढत असताना तेवढी थंडी पडली तर वाढ थबकते.

‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे, याचा मला आनंद आहे. पण इगतपुरी, दिंडोरी, निफाड आणि सिन्नर एका नावाखाली ठेवले की ग्राहकाला यातलं काहीच कळत नाही. लेबलवर तालुका आणि तोडणीचा महिना छापला तर पुष्कळ काम होईल.

आणि हो, ‘बेसॉल्टची चव लागते का?’ हेही विचारलं जातं. खडक विरघळून पेल्यात येत नाही. माती चवीपर्यंत पोचते ती पाणी, पालाश, सावली आणि मण्याचा आकार या वाटांनी. कुणी पेल्यात लाव्हा लागतो म्हणालं तर तोडणीची तारीख विचारा, चवीबद्दल जास्त कळेल.

तारखेवरून एक शेवटचं. आपल्याकडे बाटलीवरचं साल तोडणीचं असतं, आणि ती वर्षाच्या सुरुवातीला होते. म्हणजे फुलोरा, केवडा, परतीचा पाऊस हे सगळं आदल्या सालातलं. तुमच्या हातात २०२० ची बाटली असेल तर २०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवा. नाशिकच्या बागांना तेव्हा अवकाळीने झोडपलं होतं, आणि लवकर छाटलेल्यांचं नुकसान सगळ्यात जास्त झालं होतं.