तुम्ही विचारलेत म्हणून: वसुली अधिकारी आणि ख्रिस्ताचा शिष्य

निवृत्त होईपर्यंत मी अहमदनगर जिल्ह्यातल्या एका सहकारी पतसंस्थेच्या वसुली विभागात काम केले आणि दर रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जात राहिलो. ही दोन्ही कामे एकाच माणसाची आहेत हे कळले की लोक हमखास विचारतात, की तुमच्या प्रार्थनेत ऋण सोडण्याची भाषा आहे, मग सोमवारी तुम्ही थकबाकीदाराच्या दारात कोणत्या तोंडाने जात होतात? काही जण हे चेष्टेने विचारतात, काही मनापासून. मंडळीतली तरुण मुले विचारतात तेव्हा त्यांचा रोख माझ्यावर नसून त्यांच्या स्वतःच्या नोकरीवर असतो, कारण ख्रिस्ताचा शिष्य म्हणून जगायचे ठरवले तर कोणती कामे करता येतात आणि कोणती नाहीत, हे त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचे असते. चहा संपेपर्यंत आटोपेल असे याचे उत्तर नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या भागात शिष्यत्वाचा विषय निघाला की प्रथम नारायण वामन टिळकांचे नाव येते. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलेल्या या कवीने १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडले आणि संन्यस्त वृत्तीने राहून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुभाव मांडला. त्यानंतर नाव येते ते पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. पुढे केडगावचे मुक्ती मिशन अशाच मुलींनी भरले. या दोन नावांच्या धाकात वाढलेल्या आम्हा सामान्यांची अशी पक्की समजूत होऊन बसते की, सर्वस्व सोडणारे तेवढे शिष्य आणि पगारपत्रकावर सही करणारे बाकीचे सगळे नुसते रविवारचे ख्रिस्ती. ही समजूत नम्रतेची दिसत असली तरी मला ती सोयीची वाटते, कारण एकदा ती मान्य केली की सोमवार ते शनिवार आपल्याला कोणी जाब विचारत नाही.

बायबलातल्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, मात्र वसुली करणाऱ्यांची गाठ वारंवार पडते आणि त्या सर्वांना एकच आज्ञा दिलेली दिसत नाही. मत्तय जकातनाक्यावर बसलेला असताना येशूने त्याला बोलावले आणि तो उठून गेला. त्याची नोकरी तिथेच संपली. यरीहोचा जक्कय हा जकातदारांचा मुख्य होता. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे कबूल केले, परंतु त्याने काम सोडल्याचे ही गोष्ट लिहिणारा लूक कुठेही सांगत नाही. त्याच्याही आधी, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला जकातदारांनी सरळ विचारले होते, की आम्ही काय करावे? नेमून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच त्याने सांगितले. माझ्या धंद्याला इतके थेट लागू पडणारे दुसरे वाक्य बायबलात नाही, आणि ते पाळणे वाटते तितके सोपे नाही, कारण ‘अधिक’ म्हणजे केवळ पैसे नव्हेत. कर्जदाराकडून मुद्दल, व्याज आणि नियमाप्रमाणे दंडव्याज घेण्याचा संस्थेला हक्क असतो. त्याच्याबरोबर त्याची अब्रूही घेण्याचा हक्क कर्जरोख्यात कुठेही लिहिलेला नसतो.

बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सावकारासाठी एक विलक्षण नियम आहे. तुम्ही कोणाला कर्ज दिले असेल तर गहाण आणण्यासाठी त्याच्या घरात शिरू नका, बाहेर उभे राहा आणि त्यालाच ती वस्तू बाहेर आणू द्या. त्याच अध्यायात जात्याची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, कारण ती घेणे म्हणजे माणसाचे पोटच गहाण घेणे होय. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही कलम ६० मध्ये अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळलेली आहेत. उंबरठ्याबाहेर थांबण्याविषयी मात्र कायदा माझ्यासारख्याला काही सांगत नव्हता, ते मला त्या जुन्या नियमाने शिकवले.

एका मार्चअखेरीला वरिष्ठांनी एका थकीत खात्याचा कागद हाती दिला आणि सांगितले, की रविवारी त्याच्या मुलीचा साखरपुडा आहे, पाहुण्यांच्या देखत गेलात तर उभ्या उभ्या पैसे निघतील. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. लाजेपोटी निघालेला पैसा सर्वांत लवकर निघतो, हे वसुलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मी शुक्रवारी गेलो. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते आणि म्हातारे वडील ओसरीवर सुतळी सोडवत बसले होते. मी पायरीखाली उभा राहिलो, त्यांच्या मुलाला, म्हणजे कर्जदाराला, बाहेर बोलावले आणि नोटीस रक्कम आतल्या बाजूला येईल अशी घडी घालून त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्यांनी विचारले, “कोण पाव्हणं?” मुलगा म्हणाला, “संस्थेतले साहेब हायेत आबा, सहीला आलेत.” मी त्याची पोच घेतली, पाणी प्यायलो आणि निघालो.

अशा गोष्टी मंडळीत साक्ष म्हणून सांगितल्या जातात तेव्हा शेवटी कर्जदार रडत येतो आणि सगळे पैसे भरतो. या गोष्टीत तसे घडले नाही. त्याने पैसे भरले नाहीत. वर्षभराने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घ्यावा लागला आणि पुढे जामीनदाराने हप्त्याहप्त्याने रक्कम फेडली. त्या मार्चला माझी वसुली उद्दिष्टापेक्षा कमी भरली आणि बैठकीत त्यावरून बोलणीही खावी लागली. चांगले वागले की देव ताबडतोब खाते बरोबर करतो, ही शिकवण मला कधीच पटलेली नाही. तसे असते तर शिष्य होण्यात काही किंमत मोजावी लागली नसती, आणि वधस्तंभ दररोज उचलण्याची भाषाही येशूने केली नसती.

मग संस्थेने सरळ कर्ज माफ का करू नये, असे कोणी विचारतो. तो पैसा माझा नव्हता, संचालकांचाही नव्हता. रोज संध्याकाळी पिग्मी एजंटाच्या हाती पन्नास-शंभर रुपये देणाऱ्या भाजीवाल्या बाईचा, चप्पल शिवणाऱ्याचा, सालगड्याचा तो पैसा होता. दुसऱ्याच्या ठेवीतून दयाळू होणे फार सोपे असते आणि पतसंस्था बुडतात तेव्हा पुष्कळदा अशाच दयेने बुडतात, फक्त ती दया संचालकांच्या सोयऱ्यांच्या वाट्याला आलेली असते.

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ वाचली तर तिचा रोखही स्पष्ट आहे: “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.” सोडायचे ते आपले स्वतःचे येणे. याच्या जोडीला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला दाखला, म्हणजे दृष्टांतकथा, मी हिशेबनिसाच्या सवयीने मांडून पाहिला आहे. त्यात एका दासाला राजाने दहा हजार तालान्तांचे कर्ज माफ केले. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एका तालान्तात सुमारे ६,००० दीनार धरले, तर ती रक्कम ६ कोटी दिवसांची मजुरी होते. वर्षाला ३०० दिवस काम धरले तरी २ लाख वर्षे. त्याच दासाने बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी, म्हणजे चारेक महिन्यांच्या मजुरीसाठी, आपल्या सोबत्याचा गळा आवळला. शंभर दीनार ही क्षुल्लक रक्कम नाही, हे या दाखल्यावरच्या उपदेशात सहसा कोणी सांगत नाही. गरीब माणसाला ती जड जाणारच, आणि म्हणून सोडणेही जड जाते.

माझे शंभर दीनार नात्यातल्या एका माणसाकडे होते. मुलाच्या फार्मसीच्या प्रवेशासाठी त्याने ते नेले, परत करणे जमले नाही, आणि तोंड चुकवता चुकवता तो उपासनेलाच यायचा बंद झाला. वेदीजवळ अर्पण ठेवताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असे येशू सांगतो. इथे तर माझे येणे एका माणसाच्या आणि वेदीच्या मध्ये आडवे पडले होते. आम्ही उभयता त्याच्या घरी जेवायला गेलो आणि पैसे सोडले असे स्पष्ट सांगितले. रक्कम सोडणे एका संध्याकाळी झाले. त्याने नवी मोटारसायकल घेतली तेव्हा जिभेवर आलेला टोमणा गिळणे, सोयऱ्यांत विषय निघाला की गप्प राहणे, हे अजून चालू आहे, आणि शिष्य म्हणून माझी खरी मेहनत तिथेच खर्च होते. तो आता पुन्हा येतो, मात्र मागच्या बाकावर बसतो.

शेवटचा प्रश्न बहुतेक सारखाच असतो: याचा कोणी गैरफायदा घेतला नाही का? घेतला. मी पायरीखाली थांबतो हे कळल्यावर काही जण मागच्या दाराने निघून जात. त्यांतल्या एकावर पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे जप्ती झाली. दुचाकी, टीव्ही आणि कडबाकुट्टी यंत्र यांची नोंद असलेल्या त्या पंचनाम्यावर माझी सही आहे; त्या घरातली बाई ज्यावर ब्लाऊज शिवून चूल चालवत होती ते शिलाई मशीन त्या यादीत नाही.