खंबाटकीत तापलेली गाडी आणि कूलंटचा रंग

मे महिन्यातला शनिवार, पुण्याहून महाबळेश्वर. अंतर जेमतेम १२० किलोमीटर. सातला निघून दहापर्यंत पोचू असा हिशोब होता. साडेनऊला आम्ही खंबाटकी घाटात कडेला उभे, बॉनेट उघडं, आणि आई मागच्या सीटवरून विचारतेय, "निघताना नारळ फोडला होतास का गं?"

सुट्टीच्या दिवशी हा घाट म्हणजे मुंगीची चाल. पुढे ट्रक, पहिला-दुसरा गिअर, एसी चालू, आत पाच माणसं. तिसऱ्या वळणावर इंजिनाच्या तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायला लागला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला. मे महिन्यात हीटर लावल्यावर पोरांनी जो गोंधळ घातला तो जाऊ द्या, पण इंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. काटा थोडा उतरलाही. मग बॉनेटच्या फटीतून वाफ दिसली आणि गाडी कडेला घेऊन बंदच केली.

अशा वेळी मदतीला येणारा पहिला माणूस हमखास म्हणतो, "रेडिएटरचं झाकण उघडा, पाणी ओता." उघडू नका. आत दाब असतो म्हणून ते पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून अंगावर येतं. आम्ही पाऊण तास थांबलो. वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवल्यावर जाड फडकं धरून झाकण हळूहळू फिरवलं. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती. बाटलीतलं पिण्याचं पाणी भरलं. अडल्यावर तेही चालतं. पुढे उतारच होता, सावकाश सुरूर फाट्यावरून वाईला आलो. मंडळी ढोल्या गणपतीला गेली, मी गॅरेजमध्ये.

मेकॅनिकने रेडिएटरखाली पातेलं ठेवून नळी सोडली आणि म्हणाला, "ताई, हे कूलंट नाही, चहा आहे." खरोखर दुधाच्या चहाचा रंग, तळाशी गंजाची पूड. कारण मलाच माहीत होतं. गाडी घेतली तेव्हा आत गुलाबी होतं. मग कोणीतरी हिरवं भरलं, नंतर दोन वर्षं मी सोसायटीच्या बोअरचं पाणी ओतत गेले. पातळी का उतरते हे मात्र पाहिलं नाही. खालच्या होजची क्लिप सैल होती, एवढंच!

रंग म्हणजे कंपनीने घातलेला नुसता रंग. दोन हिरवी कूलंट आतून वेगळी असू शकतात. खरा फरक गंज रोखणाऱ्या रसायनांचा. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखे क्षार असतात, ते साधारण दोन वर्षांत संपतात. सेंद्रिय आम्लांचं, म्हणजे डब्यावर 'ओएटी' लिहिलेलं, पाच वर्षं किंवा जास्तही टिकतं. जपानी कंपन्या बहुधा फॉस्फेट असलेलं, सिलिकेट नसलेलं मागतात. युरोपीय कंपन्या फॉस्फेट टाळतात, कारण क्षार जास्त असलेल्या जड पाण्यात त्याचा थर बसतो. वेगवेगळी मिसळली तर टिकाऊपणा जातो, कधीकधी गाळही धरतो. तेव्हा दुकानात "गुलाबी द्या" म्हणू नका. गाडीच्या पुस्तिकेतलं पान मोबाइलमध्ये ठेवा आणि तो प्रकार डब्यावर लिहिलेला आहे का ते वाचा.

डबे दोन तऱ्हेचे मिळतात. 'रेडी टू यूज' तसंच ओतायचं, त्यात पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे घट्ट कूलंटमध्ये, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. "घट्ट घातलं की जास्त थंड" हा गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. कूलंटमधलं मुख्य रसायन, ग्लायकॉल, उकळबिंदू वाढवतं आणि गोठू देत नाही. निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही, नुसतं ग्लायकॉल मात्र उणे १३लाच गोठतं. लडाखला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

एक गोष्ट मला वाईतच कळली. जुनं कूलंट काढून रेडिएटर आणि इंजिन आतून पाण्याने धुतलं की बरंच पाणी इंजिनाच्या आत अडकून राहतं. त्यावर रेडी टू यूज ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून मेकॅनिकने एकूण मापाच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी घातलं आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरली. मग झाकण न लावता इंजिन चालू ठेवून हवेचे बुडबुडे जाऊ दिले, रेडिएटरचा पंखा एकदा लागेपर्यंत.

तेवढ्यात गॅरेजचं कुत्रं पातेल्याशी आलं, त्याला त्याने हाकललं. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी. जुनं कूलंट त्याने झाकणाच्या कॅनमध्ये भरलं.

दुपारी पसरणीचा घाट चढलो, एसी लावून. काटा मधोमध. सोमवारी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी वरच्या खुणेच्या बोटभर खाली आली होती. आत राहिलेली हवा निघून गेली असणार. तेवढं भरलं, टाकीवर मार्करने रेघ ओढली. आज तिसरा आठवडा, पातळी रेघेवरच आहे.