ड्रिल न लावता मागचा लिप स्पॉयलर: कामाची नोंद

सामान आधी. सेडानच्या डिकीवर बसणारा एबीएस प्लास्टिकचा लिप स्पॉयलर (मागच्या कडेवरची ठेंगणी पट्टी), लांबी 1180 मिमी, बुडाची रुंदी 32 मिमी, वजन 740 ग्रॅम. प्लास्टिक मुळातच चकचकीत काळं, त्यामुळे रंगकाम नाही. डिकीला एकही भोक पाडायचं नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनेच बसवायचा. पत्रा कापला की कापलेल्या कडेवरचं गंजापासूनचं संरक्षण जातं, आणि त्या भोकातून डिकीत पाणी उतरायची वाट कायमची तयार होते. एवढ्याशा वजनासाठी ते करण्यात अर्थ नाही.

पहिला दिवस: कोरडी मांडणी

सोबत आलेला टेप सगळ्यात आधी काढून टाकला. तो पांढऱ्या स्पंजचा होता. ओळखायची खूण सोपी आहे: तुकडा दोन बोटांत धरून ताणायचा. स्पंज पावासारखा तुटतो. अ‍ॅक्रिलिक फोम रबरासारखा लांबत जातो. त्याच्या जागी 3एमचा व्हीएचबी 5952 हा अ‍ॅक्रिलिक फोमचा टेप घेतला, 1.1 मिमी जाड, 12 मिमी रुंद.

क्षेत्रफळाचा हिशेब मांडला की एक गोष्ट लख्ख दिसते. कायमच्या लटकत्या वजनासाठी किलोमागे साधारण 55 चौरस सेंमी टेप धरतात. 740 ग्रॅमला म्हणजे जेमतेम 41 चौरस सेंमी. दोन रांगा पूर्ण लांबीच्या लावल्या तर मिळतात 283 चौरस सेंमी, जवळपास सातपट. तरीही असे स्पॉयलर सुटतात आणि बहुतेक वेळा टोकापासून सुटतात. टेप कमी पडला म्हणून ते होत नाही. बाक जुळत नसताना टोक दाबून बसवलं की ते रात्रंदिवस वर उठायला बघतं. हा फोम वाऱ्याचा झटका आरामात पेलतो. सतत सोलणाऱ्या ताणाखाली मात्र तो हळूहळू लांबतो आणि शेवटी सोडतो. म्हणून या कामाचा निम्माअधिक वेळ टेपची गुंडाळी उघडण्याआधीच खर्च व्हायला हवा.

फट मोजायला मुलांच्या खेळण्यातल्या मातीच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या केल्या. माती तेलकट असते, म्हणून प्रत्येक गोळी पातळ प्लास्टिक फिल्ममध्ये गुंडाळली. दर 150 मिमीला एक गोळी ठेवून स्पॉयलर बोटांनी हलकाच टेकवला, उचलला आणि चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी व्हर्नियरने घेतली. मध्यावर 0.4 मिमी, उजवं टोक 1.1, डावं टोक 2.6. आमचा नियम असा: हलक्या दाबाखाली उरलेली फट टेपच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त नको. 1.1 मिमीच्या टेपला म्हणजे अर्ध्या मिमीच्या आसपास. दोन्ही टोकं नापास.

दुसरा दिवस: बाक जुळवणं

एबीएस साधारण 100 अंशांच्या पुढे नरम पडतं, पण एवढ्या किरकोळ दुरुस्तीला तिथवर जायची गरज नसते. टोकाचे 200 मिमी सुमारे 80 अंशांच्या पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवले, हातमोजे घालून हव्या त्यापेक्षा किंचित जास्त वाकवले आणि गार होईपर्यंत तसेच धरून ठेवले. किंचित जास्त अशासाठी की सोडल्यावर ते थोडं मागे येतंच. डाव्या टोकाला हे तीनदा करावं लागलं, उजव्याला एकदाच. हीट गननेही जमतं, पण चकचकीत पृष्ठभागावर झोत दोन क्षण जरी एका जागी थांबला तरी लाट उठते आणि ती परत जात नाही. थंड एबीएस तर जबरदस्तीने वाकवूच नये. आधी पांढुरकी रेघ येते, मग तडा.

पुन्हा मातीच्या गोळ्या. डावं टोक 0.5, उजवं 0.4. पास.

फायबरच्या स्पॉयलरला हा उपाय चालत नाही. त्याचा बाक चुकलेला असेल तर बुडाची बाजू घासून किंवा पुटीने भरूनच आकार द्यावा लागतो.

तिसरा दिवस: सफाई, टेप, चिकटवणं

पत्र्याचं तापमान 27 अंश, गाडी सावलीत. 21 ते 38 अंशांमध्ये टेप नीट ओला धरतो, म्हणजे त्याचा चिकट थर रंगाच्या बारीक खाचाखोचांत उतरतो. 10 अंशांच्या खाली तो कडक होतो आणि नुसता वरवर टेकतो. पहाटे पत्र्यावर दव धरलेलं असेल तर तापमान बरोबर असूनही काम पुढे ढकलावं.

डिकीच्या दोन्ही कडांपासून मोजून मध्यरेषा काढली. मधल्या बोधचिन्हावरून मध्य धरला नाही, कारण ते नेमकं मध्यावर असेलच असं नाही. स्पॉयलर जागेवर ठेवून त्याच्या पुढच्या कडेलगत मास्किंग टेप लावला. वरचा ब्रेक लाइट आणि मागचा कॅमेरा झाकले जात नाहीत हेही तेव्हाच पाहून घेतलं.

मग धुणं, क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी माती), आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी निम्मं-निम्मं. एका कापडाने पुसायचं आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपायचं. वाळू दिलं तर विरघळलेलं वॅक्स पुन्हा तिथेच बसतं. सिरॅमिक कोटिंग असेल तर अल्कोहोलने ते निघत नाही. टेपखालच्या पट्ट्यापुरतं पॉलिशने घासून काढावं लागतं. खात्री करायला स्वच्छ पाणी फवारलं: पाण्याची सलग चादर पसरली तर ठीक, थेंब गोळा झाले तर पुन्हा सफाई. इथे दुसऱ्या खेपेला चादर आली. पत्रा नुकताच रंगवलेला असेल तर ही सगळी मेहनत वाया जाते. रंगातलं द्रावण अजून बाहेर पडत असतं आणि ते टेपखाली अडकतं. काही आठवडे थांबणंच बरं.

स्पॉयलरच्या बुडाला बारीक स्कॉच-ब्राइटने (घासायच्या खरखरीत पॅडने) मंद केलं, पुसलं, आणि प्रायमर 94 चा (टेपची पकड वाढवणाऱ्या द्रवाचा) एकच पातळ हात दिला. डिकीच्या बाजूला तो नाही लावला. टेपच्या बाहेर गेला तर रंगावर डाग राहतो, आणि नीट साफ केलेल्या क्लिअर कोटला (रंगावरच्या पारदर्शक थराला) त्याची गरज पडली नाही.

टेपच्या दोन रांगा, कडेपासून 3 मिमी आत. काचेवरून वाहत येणारं पाणी पुढच्या रांगेवर येतं, म्हणून ती अखंड ठेवली. मागच्या रांगेत टोकांपासून 150 मिमी आत 5-5 मिमीच्या दोन फटी सोडल्या. आत शिरलेलं पाणी तिथून निघून जातं. टोकांवर मात्र टेप सलग, बाकात पूर्ण बसलेला. वळणावर टेप ताणून लावायचा नाही, तो परत आखडतो. टेपवर टेप चढवायचा नाही, तुकडे टोकाला टोक लावायचे. लाइनरची (टेपवरच्या संरक्षक पट्टीची) टोकं 50 मिमी सोलून बाजूला दुमडून बाहेर ठेवली. स्पॉयलर रेषेवर बसवला, जागा तपासली, आणि मग लाइनर सावकाश ओढून काढला. साबणाच्या पाण्यावर सरकवून जागा जुळवायची युक्ती स्टिकरपुरती ठीक आहे. फोम टेपला ती मारक.

दाब अंगठ्याने, मध्यापासून बाहेर, प्रत्येक जागी दहा सेकंद, दोन फेऱ्या. दाब किती महत्त्वाचा हे पाहायचं असेल तर उरलेला तुकडा काचेवर चिकटवून मागून बघावा. टेकलेला भाग गडद दिसतो, हवा अडकलेली जागा चंदेरी. बोट फिरवलं की चंदेरी ठिपके डोळ्यांदेखत गडद होतात.

चौथा ते सहावा दिवस: हात लावायचा नाही

खोलीच्या तापमानाला 20 मिनिटांत साधारण 50 टक्के पकड येते, 24 तासांत 90, 72 तासांत पूर्ण. पहिले 24 तास डिकी उघडली नाही, तीन दिवस धुणं नाही. त्यानंतरही प्रेशर वॉशरचा झोत टेपच्या कडेवर जवळून मारू नये.

झटपट गोंद का नको, हे इथेच नोंदवून ठेवावं. एबीएस दर अंशाला मीटरमागे साधारण 0.08 मिमी वाढतं, पोलाद 0.012. तापमान 40 अंशांनी बदललं तर या लांबीत दोघांमध्ये 3.2 मिमीचा फरक पडतो, म्हणजे प्रत्येक टोकाला 1.6 मिमी. व्हीएचबी आपल्या जाडीच्या तिप्पट आडवी सरक सोसतो, इथे 3.3 मिमी. कडक वाळणाऱ्या गोंदाला अशी सरक जमत नाही. तो तडकतो, शिवाय झटपट गोंदातल्या सायनोअ‍ॅक्रिलेटची पांढरी धूळ काळ्या प्लास्टिकवर बसते ती वेगळीच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही नको. ते वाळताना आम्ल सोडतं, आणि त्याचा अंश राहिला की पुढे तिथे ना रंग धरतो ना टेप.

सतरावा दिवस: तपासणी

कागदाची पट्टी सगळ्या कडेने फिरवली. टेप 3 मिमी आत आहे, त्यामुळे पट्टी 3 मिमी जाणारच. उजव्या टोकाला ती 20 मिमी गेली.

हीट गनने हात सोसेल इतपत ऊब देऊन, दातांचा फ्लॉस आत घालून 60 मिमीपर्यंत टेप कापला. प्लास्टिकच्या पाचरीने टोक 5 मिमी उचलल्यावर कारण दिसलं. जिथे पकड चांगली होती तिथे फोम मधूनच फाटला होता आणि दोन्ही बाजूंना काळा थर राहिला होता. सुटलेल्या 20 मिमीत मात्र डिकी अगदी कोरी, टेपचा तळ गुळगुळीत चकचकीत. म्हणजे तिथे टेप कधी चिकटलाच नव्हता. त्या कोपऱ्यात खुणेचा मास्किंग टेप रेषेच्या आत आला होता आणि सफाईनंतर तो मागे सरकवला गेला. त्याच्याखालचं वॅक्स जसंच्या तसं राहिलं. टोकाला बाकाचा दोष नव्हता. मातीची गोळी आताही 0.4 मिमीच दाखवते.

जुना टेप काटकोनात कापून काढला, दोन्ही बाजू चिकट अवशेष निघेपर्यंत चोळल्या, अल्कोहोलने पुसल्या, पाण्याची चाचणी घेतली, बुडाला प्रायमर, नवा तुकडा जुन्याला भिडवून. दाब, आणि पुन्हा 72 तास. पुढची कागदाची फेरी बत्तिसाव्या दिवशी, दोन्ही टोकं आणि पाणी जायच्या दोन फटींपाशी.