अण्णांचा उजवा तळवा

रोज रात्री बातम्या संपल्या की मी अण्णांचा पाय मांडीवर घेते. आधी फार संकोचायचे. "लेकीच्या अंगावर पाय कसला ठेवायचा गं!" आता स्वतःच पुढे करतात.

सुरुवात एका चिंचोक्याने झाली. गेल्या वर्षी मार्चमध्ये अंगणात चिंचा फोडत होतो, तेव्हा एक चिंचोका त्यांच्या सँडलमध्ये गेला. ते तसेच बाजार करून आले. संध्याकाळी सँडल काढली तर अंगठ्याच्या मुळाशी तळव्यात चिंचोका रुतलेला, रक्ताने चिकटलेला. "दुखलं नाही?" "कळलंच नाही." एकोणीस वर्षांची साखर आहे त्यांना.

पुढचे तीन महिने आम्ही नुसती मलमं बदलली. जवळच्या एका दवाखान्यात दिवसाआड ड्रेसिंग, आणि अण्णा तिथे चालत जायचे! जखमेवर भार देत देत जखमेच्या ड्रेसिंगला. कसे येता, हे कुणी विचारलं नाही, आमच्याही डोक्यात आलं नाही. ते आठवलं की आजही जीव जळतो.

शेवटी मधुमेही पायांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अण्णांना डोळे मिटायला सांगितले आणि 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवत गेले. अण्णांना एकाही ठिकाणी समजलं नाही. मग घोट्याजवळची नाडी बघितली, कारण रक्तपुरवठा कमी असेल किंवा जखमेत पू असेल तर पुढचा उपाय असा सरळ करता येत नाही. दोन्ही ठीक होतं. जखमेच्या कडेचा घट्टा तासून काढला आणि गुडघ्याखाली प्लास्टर घातलं.

हाड मोडलेलं नसताना प्लास्टर? डॉक्टर म्हणाले, हे कुष्ठरोग्यांच्या पायांनी शिकवलंय. ब्रिटिश सर्जन डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरला आले. बोटं रोगाने झडतात असं तेव्हा लोक धरून चालत. वेदनाच नसल्याने माणूस त्याच जागी पुन्हा पुन्हा इजा करून घेतो, हे ब्रँड यांनी दाखवून दिलं. प्लास्टरमुळे भार सगळ्या पायावर वाटला जातो, जखमेला विसावा मिळतो. पुढे अमेरिकेत हीच पद्धत मधुमेहींसाठी वापरली गेली.

घरी येऊन मी वाचत बसले. 2005 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात 50 रुग्णांना एकसारखाच बूट दिला होता. निम्म्यांना तो काढता यायचा, निम्म्यांचा वरून गुंडाळून पक्का केलेला. 12 आठवड्यांत काढता येणाऱ्या गटातल्या सुमारे 52 टक्के जखमा भरल्या, पक्क्या गटातल्या जवळपास 83 टक्के. औषध वेगळं नव्हतं हो! रात्री बाथरूमला जाताना कोण बूट चढवतो? दुखत नसलेल्या पायाची आठवण तरी कशी राहावी?

अण्णांची जखम नऊ आठवड्यांत भरली. मी पेढे आणले. डॉक्टरांनी पेढा घेतला आणि म्हणाले, भरलेल्या जखमांपैकी साधारण 40 टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात. म्हणून एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल, घरातसुद्धा. आणि रात्रीची ही तपासणी: बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, मग दोन्ही तळव्यांचं तापमान. एकाच जागी दोन पायांत 4 अंश फॅरेनहाइटहून जास्त फरक दिसत राहिला तर कातडीखाली काहीतरी चाललंय असं समजून चालणं कमी करायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

मागच्या गुरुवारी उजवा पाय साडेचारने गरम लागला, शुक्रवारीही तेवढाच. डॉक्टरांना फोन केला. अण्णांची हरिपाठाला जायची फार इच्छा होती, पण चार दिवस घरीच खुर्चीत बसून म्हणाले. आज फरक एकवर आलाय.